भाचीचं दुसरं प्रकरण

पीएच.डी.च्या प्रबंधातलं दुसरं प्रकरण आवडीनं वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पहिलं प्रकरण लोक वाचतात, कारण ते पहिलं असतं. शेवटचं वाचतात, कारण त्यात निष्कर्ष असतात आणि तोंडी परीक्षेला निघालेल्या परीक्षकाला प्रवासात तेवढाच वेळ मिळतो. ऋणनिर्देश तर सगळेच वाचतात. आपलं नाव आहे का, आणि असलं तर कोणाच्या खाली आहे, हे बघायचं असतं. ‘संबंधित साहित्याचा आढावा’ हे दुसरं प्रकरण मात्र टाइप करणाऱ्यानंतर एकदम वाळवीच्याच हाती लागतं. आणि संशोधकाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा काळ नेमका याच प्रकरणात जातो.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी भाची नांदेडहून पीएच.डी. करायला हैदराबादेत आली आणि काचीगुड्याला आमच्या घरी राहिली. तेव्हापासून माझी बहीण रोज रात्री फोन करते आणि जेवणाखाणाच्या आधी ‘रिव्ह्यू कुठवर आला?’ असं विचारते. एकदा ती रेल्वेतून बोलत होती. ‘पोरीचं पहिलं प्रकरण मॅडमनी मान्य केलं गं वहिनी, दुसरंच काही केल्या संपेना,’ हे वाक्य तिनं अशा खणखणीत आवाजात म्हटलं की पूर्णा ते परभणी सगळा डबा तिच्याकडे सहानुभूतीनं बघत होता.

मामाच्या घरी राहून हैदराबादेत शिकायचं ही मराठवाड्याची जुनी रीत. निजामाच्या राज्यात औरंगाबादला इंटरपर्यंत सोय होती, त्यापुढं शिकायचं तर गाठोडं बांधून राजधानी गाठावी लागे. कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर असेच मामांकडे आले. मामा म्हणजे डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. भाच्यानं मामांच्या घरातली पुस्तकं वाचली, शहरातल्या ग्रंथालयांतली वाचली, अभ्यासक्रमातली तेवढी राहून गेली म्हणतात, आणि इंटरच्या परीक्षेत ते पुन्हा पुन्हा नापास झाले. पुढं तेच नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले आणि महाराष्ट्राला विचार कसा करायचा ते शिकवत हिंडले. हे उदाहरण माझ्या भाचीनं आल्या आल्याच माझ्यापुढं ठेवलं. मी म्हटलं, ‘बाई गं, कुरुंदकर नापास झाले हे खरं, पण नापास झालेला प्रत्येक जण कुरुंदकर होत नाही. शिवाय त्याला मामा नांदापूरकर लागतो. तुझा मामा बँकेतला आहे.’

तर ही भाची पहिल्या दिवशी गाइड मॅडमना भेटायला गेली. मॅडमनी विचारलं, ‘प्रश्न काय आहे तुझा?’

‘हैदराबाद संस्थानातलं मराठी शिक्षण.’

‘हा प्रश्न नाही. हे खातं झालं. प्रश्न काय?’

ती घरी आली ती तोंड पाडून. प्रश्नच नाही म्हणतात, असं तिनं सांगितल्यावर मामी म्हणाली, ‘मग बरंच झालं की. आम्हाला किती आहेत.’

आता इथं खरं तर बसून प्रश्न ठरवायला हवा होता. पण प्रश्न ठरवणं अवघड आणि लेख उतरवून घेणं सोपं, त्यामुळं तिनं दुसरं काम हाती घेतलं. संगणकावर ‘वाचायचे’ नावाचं फोल्डर झालं. ते फुगलं तेव्हा त्याच्या पोटात ‘नक्की वाचायचे’ झालं, आणि त्याच्याही पोटात ‘आज वाचायचे’. उतरवून घेतलेला लेख वाचलेल्या लेखाइतकंच समाधान देतो, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आमच्या काळी झेरॉक्स काढली की हेच समाधान मिळायचं, फक्त त्याला पैसे पडायचे. त्यामुळं अज्ञानाला काहीएक मर्यादा होती. शोधगंगेवर तर देशभरातले प्रबंध फुकट. त्या गंगेत भाची सकाळी उतरे ती संध्याकाळी वर येई, आणि दर वेळी आणखी कोणाचा तरी प्रबंध काखोटीला असे.

आणि शोधायचं म्हटलं तरी आधी नाव माहीत हवं. हैदराबादेत कुठलीच गोष्ट एका नावानं सुखानं नांदत नाही. सुलतान बाजारचंच घ्या. मराठी वस्तीचा हा जुना भाग. भाचीनं ‘सुलतान बाजार’ म्हणून शोधलं, तर १९३३च्या आधीचं काही हाती लागेना. जणू त्या वर्षी सगळा बाजार दुकानदारांसकट आभाळातून पडला. मी सहज बोलून गेलो, ‘अगं, त्याआधी तो रेसिडेन्सी बाजार. इंग्रज रेसिडेंटच्या हद्दीतला. १९३३ला निजामाला परत मिळाला.’ तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की आमच्या लग्नानंतर तसं माझ्याकडे कोणी पाहिलेलं नव्हतं. मग मला चेव आला. मी म्हटलं, ‘माझ्या बँकेचंच बघ. १९४१ला निघाली ती हैदराबाद स्टेट बँक, १९५६ला झाली स्टेट बँक ऑफ हैदराबाद, आणि २०१७ला स्टेट बँकेत विलीन झाली. पेन्शन येते, बँक सापडत नाही.’

नावांचा घोळ माणसांपर्यंतही पोचतो. केशवराव कोरटकर म्हणजे विवेकवर्धिनी शाळा उभी करणाऱ्यांतले, वकील, पुढं हैदराबादच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती. एवढा मोठा माणूस, पण इंग्रजीत त्यांचं आडनाव ज्यानं त्यानं आपल्या कानाला वाटलं तसं लिहिलेलं. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहायची पद्धत नाही, तिथं कोरटकर हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर. मग भाचीनं एका वहीत सगळी रूपं लिहून काढली आणि संगणकाला ‘हे किंवा ते किंवा तेही’ असं एकदमच विचारायला सुरुवात केली. आढाव्याचं पहिलं खरं काम त्या दिवशी झालं, असं माझं मत आहे. तिचं मत वेगळं होतं. तिला तो दिवस वाया गेल्यासारखा वाटला, कारण त्या दिवशी एकही लेख उतरवला नव्हता.

सनांची गंमत त्याहून मोठी. निजामाच्या दफ्तराचं वर्ष फसली. त्यात पाचशे नव्वद मिळवले की साधारण इसवी सन येतो. भाचीला एक उर्दू परिपत्रक मिळालं, साल १३३४. तिनं संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते जसंच्या तसं भरलं, आणि त्या आज्ञाधारक यंत्रानं कालानुक्रम लावताना ते सगळ्यांच्या वर नेऊन ठेवलं. म्हणजे शाळांविषयीचं ते परिपत्रक थेट मुहम्मद तुघलकाच्या कारकिर्दीत जाऊन पडलं. मजकुराचा एकंदर सूर पाहता मला ते पटलंही होतं. मग हिशेब केला तेव्हा ते १९२४-२५चं निघालं. यात हिजरी सन असलेली पुस्तकं वेगळी आणि शके घातलेली मराठी पुस्तकं वेगळी. माझ्या भाचीच्या यादीत काही दिवस मोगल, पेशवे आणि शिक्षण खात्याचे इन्स्पेक्टर समकालीन होते.

कागद शोधायला ती तारनाक्याच्या अभिलेखागारात जाऊ लागली. तिथं मोगल काळातले दीड लाखाहून जास्त कागद आहेत हे तिनं सांगितल्यावर मामीनं पहिला प्रश्न विचारला, ‘झाडतं कोण?’ १९५६ला संस्थानाचे तीन तुकडे झाले; माणसं, जिल्हे, नद्या वाटून गेल्या, पण जुन्या कागदांचा मोठा ढिगारा इथंच राहिला. त्याची आठवण महाराष्ट्राला मधूनमधून होते. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, २ सप्टेंबर २०२५ला हैदराबाद गॅझेटियरवरचा शासन निर्णय निघाला, आणि एरवी ज्याला कोणी चहा विचारत नाही अशा मोडी आणि फारसी वाचणाऱ्या माणसाचा भाव एकदम वधारला. मराठा आरक्षणाच्या बाजूनं किंवा विरुद्ध बोलायला मी इथं बसलेलो नाही. पण संदर्भ, साधनं, मूळ नोंद कुठली आणि नक्कल कुठली, हे विषय चहाच्या टपरीवर एवढ्या तळमळीनं बोलले गेल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. अख्ख्या राज्यानं एका वेळी दुसरं प्रकरण मनावर घेतलं होतं.

मधल्या काळात भाचीनं एका बुद्धिमान यंत्राचीही मदत घेऊन पाहिली. त्या यंत्रानं क्षणात दहा संदर्भ दिले. लेखक, साल, प्रकाशक, पृष्ठसंख्या, सगळं नीटनेटकं. त्यातलं एक मराठी पुस्तक तर असं होतं की विषय जणू तिच्यासाठीच बेतलेला. ती हरखून गेली. आम्ही दोघं ते शोधायला एका जुन्या ग्रंथालयात गेलो. काउंटरवरच्या गृहस्थांनी चिठ्ठी वाचली, मान डोलावली आणि सांगितलं, ‘हौ, है ना ये किताब. बाहर गई. परसों आओ.’ आम्ही परत गेलो. पुस्तक बाहेरच होतं. दुसरीकडे चौकशी करता करता कळलं की असं पुस्तक कोणी कधी लिहिलेलंच नाही. यंत्रानं ते आपल्या मनानं रचलं होतं. यंत्रानं थाप मारली याचं मला विशेष वाटलं नाही. जे पुस्तक जगातच नाही, ते वाचायला कोणीतरी घरी घेऊन गेलंय, हे त्या गृहस्थांनी रजिस्टरकडे न बघता सांगितलं, त्याला मात्र मी मनातल्या मनात हात जोडले.

या सगळ्यात ती खचली. ‘मामा, सगळं कोणीतरी लिहून ठेवलंय,’ हे तिचं सोमवारचं वाक्य. ‘मामा, यावर कोणी काहीच लिहिलेलं नाही,’ हे गुरुवारचं. दोन्ही वाक्यं ती सारख्याच रडक्या आवाजात म्हणत असे. धीर द्यावा म्हणून मी तिला रोनाल्ड रॉसची गोष्ट सांगितली. बेगमपेटला ती इमारत अजून आहे. १८९७च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत या लष्करी डॉक्टरनं डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी जंतू पाहिला. हुसेन खान नावाचा रुग्ण, त्याला चावणाऱ्या दर डासामागं एक आणा, बाहेर उकाडा, आणि हा माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला. पंखा लावायचीही सोय नाही, कारण कापलेला डास उडून जातो. १९०२ला नोबेल.

‘आणि त्यानं डासांवरचं एक पुस्तक वाचलेलं नव्हतं,’ मी टेबलावर हात आपटून म्हटलं. ‘जवळ नव्हतंच. डासांच्या जातींची नावंसुद्धा त्याला माहीत नव्हती. राखाडी डास, पट्ट्यापट्ट्यांचा डास, ठिपकेवाल्या पंखांचा डास, अशी त्यानं आपली आपण पाडली. रिव्ह्यू-बिव्ह्यू काही नाही. सरळ डास धरला आणि कापला.’

मला वाटलं होतं, पोरगी खूश होईल. पण ती दोन दिवस याच विषयावर वाचत बसली (हा तिचा स्वभावच) आणि तिसऱ्या दिवशी जेवताना माझी गोष्ट तिनं उसवून माझ्या ताटात ठेवली. लॅव्हेराँनं १८८०लाच हा परोपजीवी जंतू रक्तात पाहिला होता आणि रॉसला तो ओळखता येत होता. डासाकडे बघ, हे त्याला लंडनच्या पॅट्रिक मॅन्सननं सांगितलं होतं आणि दोघांची पत्रं सतत चालू होती. म्हणजे त्याचा आढावा टपालानं येत होता. डासांचं पुस्तक नव्हतं हे खरं, पण त्याची किंमतही त्यानं मोजली. ठिपकेवाल्या पंखांचा डास म्हणजे शास्त्राच्या भाषेत कोण, हे रॉसला सांगता येईना. इटलीत ग्रासी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाला डासांच्या जाती पाठ होत्या. माणसाला मलेरिया देणारा तो अ‍ॅनॉफिलीस, असं त्यानं नाव घेऊन सांगितलं. मग शोध कोणाचा, यावरून दोघं जन्मभर भांडले.

‘मामा, एक पुस्तक जवळ असतं तर ते भांडण टळलं असतं,’ भाची म्हणाली.

‘दोन शास्त्रज्ञांचं भांडण पुस्तकानं टळत नसतं,’ मी म्हटलं. पण डाळ तोवर निवली होती.

यानंतर एकदाची ती लिहायला बसली. आणि तिचं लिहिणं बाजूला बसून बघताना माझ्या ध्यानात आलं, की हे काम मी लहानपणापासून पाहत आलोय. ही लग्नाची पंगत आहे. कोणाला बोलवायचं, कोणाला कुठं बसवायचं, कोणाला चांदीचं ताट आणि कोणाला पत्रावळ, आणि एखादा राहिला तर तो पुढची वीस वर्षं काय बोलेल, याचा विचार जेवणाच्या चवीपेक्षा जास्त. गाइडचे लेख हे मानाचं पान, त्याला रांगोळी. विभागप्रमुखांचा विषयाशी काडीचा संबंध नसला तरी त्यांचा एखादा लेख ‘या संदर्भात उल्लेखनीय आहे’ म्हणून आणून बसवायचा. न बोलावून कसं चालेल? बाहेरचा परीक्षक कोण येणार हे गुपित असतं, म्हणून जे जे येऊ शकतात त्या सगळ्यांना अक्षता. दिवंगत थोर मंडळी फोटोसारखी भिंतीवर. त्यांना हार घालायचा, विचारायचं काही नाही. आणि एक फ्रेंच गृहस्थ, मिशेल फुको. हे प्रत्येक लग्नात पहिल्या पंगतीला असतात. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचे असतील, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचे. जेवून जातात. कोणाचे कोण, हे शेवटपर्यंत कोणाला कळत नाही.

पंगत बसली. ‘अमुक (१९९८) यांनी असे प्रतिपादन केले आहे. तमुक (२००३) यांनी असे मत मांडले आहे. ढमुक (२००९) यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे.’ असं पानामागून पान. मॅडमनी ते वाचलं आणि समासात एकच वाक्य लिहून परत दिलं: ‘हे सगळे एकमेकांशी बोलत का नाहीत?’

मराठीत आणि इंग्रजीत जितके आढावे भाचीच्या निमित्तानं माझ्या नजरेखालून गेले, त्यांतल्या बहुतेकांना हे वाक्य लागू आहे. सगळे जण खाली मान घालून जेवतायत. एकानं म्हटलंय निजामाचं शैक्षणिक धोरण पुरोगामी, शेजारी बसलेल्यानं म्हटलंय दडपशाहीचं, आणि संशोधक दोघांनाही वाढून पुढं जातोय. उलट काही वाक्यं इतकी ओळखीची की ती एका प्रबंधातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात वंशपरंपरेनं आलेली. मूळ पुस्तक कोणी उघडलेलं नाही. आजोबांनी ज्या पानाचा हवाला दिला, तोच नातू देतोय. यूजीसीनं २०१८ला वाङ्मयचौर्याचे नियम केले. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही; पुढं चाळीसपर्यंत एक पायरी, साठपर्यंत दुसरी, त्यावर तिसरी. त्यात सामान्य माहितीचे सलग चौदा शब्द जुळले तर ते धरायचे नाहीत असंही आहे. हा नियम आल्यापासून मराठी गद्यात चौदा शब्दांच्या वाक्यांची भरभराट झाली असावी, अशी मला शंका आहे. पंधरावा शब्द आला की संशोधक श्वास घेतो आणि ‘तथापि’ टाकतो.

याच सुमारास भाचीला इंग्रजी ईमेल येऊ लागल्या. ‘परमआदरणीय डॉक्टर’, अशी सुरुवात. डॉक्टर व्हायला अजून निम्मं आयुष्य पडलेलं, तरी कुठल्याशा नियतकालिकाला तिचा लेख आठवडाभरात छापायचा होता. कुठलं नियतकालिक ते मी सांगत नाही, आणि विषय मत्स्यपालन असला तरी त्यांची हरकत नव्हती. फक्त फी. असल्या धंद्याबाबतीत आमच्या शहराचं नाव जगभर झालंय. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशनसमूहावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१६ला दावा लावला. लेख तज्ज्ञांकडून तपासले जातात वगैरे दावे फसवे आहेत असा ठपका ठेवून २०१९ला तिथल्या न्यायालयानं पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला. तेव्हा आढाव्यात कोणाला बसवायचं हे ठरवताना तो कोणत्या दारानं आत आला तेही बघावं लागतं. मामी म्हणाली, ‘आमच्या लग्नात पण दोघं-तिघं असेच जेवून गेले होते.’

मॅडमच्या त्या समासातल्या वाक्यानंतर मी भाचीला एक पुस्तक काढून दिलं. रणजित देसाईंची ‘श्रीमान योगी’. ती म्हणाली, ‘मामा, कादंबरी?’ मी म्हटलं, ‘कादंबरी नको वाचू. प्रस्तावना वाच.’ ती प्रस्तावना म्हणजे कुरुंदकरांनी देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्र. शिवाजी महाराजांवर लिहायचं तर साधनं कोणती, इतिहासकार कुठं एकमेकांना छेद देतात, कुठं सगळेच गप्प बसतात, आणि त्या गप्प जागी प्रश्न कसा उभा राहतो, हे त्यात एक माणूस बसल्या बैठकीला सांगितल्यासारखं सांगतो. त्यात कोणाची हजेरी घेतलेली नाही. मतं भांडतात, कुरुंदकर मध्ये उभे राहून भांडण पुढं नेतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं, अरे, आता हे सोडवायलाच पाहिजे. इंटरला नापास झालेल्या भाच्यानं मराठीतलं इतकं उत्तम दुसरं प्रकरण एका कादंबरीच्या पुढं लिहून ठेवलं, आणि विद्यापीठांनी ते प्रस्तावना म्हणून सोडून दिलं.

भाचीनं ते वाचलं आणि पंगत उठवली. नावं सगळी पुसली. टेबलावर कोरा कागद घेऊन तिनं फक्त भांडणं लिहिली. पहिलं भांडण उस्मानियाचं. १९१८ला निजामानं उर्दू माध्यमाचं विद्यापीठ काढलं, त्यासाठी भाषांतराचं स्वतंत्र खातं बसवलं. एक बाजू म्हणते, इंग्रज अमलात सगळे इंग्रजीमागं धावत असताना देशी भाषेत उच्च शिक्षण देणारा हा धाडसी प्रयोग. दुसरी बाजू म्हणते, देशी खरी, पण कोणाची? प्रजा बोलते तेलुगू, मराठी, कन्नड. दुसरं भांडण, खासगी मराठी शाळा सुधारणेच्या ओढीनं निघाल्या की राजकारणाच्या. आणि तिसरं भांडण त्याच रेसिडेन्सी बाजाराचं: इंग्रजांच्या हद्दीत निजामाचा कायदा चालत नसे, तर मराठी सार्वजनिक जीवनाला या फटीचा किती हात लागला? हे तिसरं कोणी नीट मांडलेलंच नव्हतं. एक जण ओझरतं म्हणून गेला होता, दुसऱ्यानं तळटीपेत टाकलं होतं. भाचीनं पेन खाली ठेवलं. ‘मामा, हा प्रश्न,’ ती म्हणाली. खातं नव्हे.

त्यानंतर काम भराभर झालं. कोणतं वाचायचं हे कळायला लागलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणतं वाचायचं नाही हे. ‘आज वाचायचे’ फोल्डरातला बराचसा ऐवज तिनं डोळे मिटून पुसला. मला मात्र फुकट मिळालेली वस्तू टाकताना पाहून पोटात कालवलं. ज्या लेखकाचं भांडणात काही म्हणणं नव्हतं, तो कितीही मोठा असो, त्याला बाहेर बसवलं. फुको गेले. विभागप्रमुख गेले. नव्या लेखांतून तीच तीच नावं आणि तेच तेच मुद्दे परत यायला लागले तेव्हा तिनं वाचणं थांबवलं. वाचणं थांबवता येतं हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. मामीनं तर तिचा ताप बघितला.

राहता राहिलं मानाचं पान. मॅडमचा स्वतःचा एक लेख होता, विषयाच्या अगदी मध्यभागी. भाचीनं तो पहिल्या भांडणात ठेवला आणि कागदपत्रांच्या आधारे दाखवलं की मॅडमचं म्हणणं त्यात टिकत नाही. मी तिला विनवलं, ‘निदान “काही अभ्यासकांच्या मते” म्हण. नाव घेऊ नको. बँकेत मी तीस वर्षं साहेबांचं नाव न घेता त्यांच्या चुका दुरुस्त केल्या.’ ती ऐकेना. बहिणीनं नांदेडहून मारुतीला नारळ बोलला.

मॅडमनी प्रकरण तिच्यासमोर बसूनच वाचलं. आपल्या नावाच्या परिच्छेदाशी त्या थांबल्या, कपाटातून आपला जुना लेख काढला, शेजारी ठेवला, बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिल्या. मग चष्मा वर करून म्हणाल्या, ‘माझं चुकलंय, हे बरोबर आहे. पण पान नंबर चुकीचा दिलायस.’